हिंदू धर्माचा इतिहास थराथराने कसा वाचावा

हिंदू धर्माचा उगम शोधायला निघालेला वाचक बहुधा पहिल्याच पायरीवर अडतो, कारण 'हा धर्म कोणी आणि केव्हा स्थापन केला' हा प्रश्न घेऊन तो निघालेला असतो. येथे एक संस्थापक नाही, सर्वांना सारखाच बंधनकारक असलेला एक ग्रंथ नाही आणि जिच्यापासून आरंभ मोजता येईल अशी एखादी घटनाही नाही. म्हणून अभ्यासाच्या आरंभी प्रश्नच बदलून घ्यावा. आज जो आचार, जी देवता किंवा जी कल्पना आपल्यासमोर आहे ती सर्वप्रथम कोठे आढळते, त्या वेळी तिचे रूप काय होते आणि आजच्या रूपापर्यंत ती कोणत्या वळणांनी आली, असे प्रत्येक घटकाबाबत स्वतंत्रपणे विचारावे. मग लक्षात येते की एकाच देवघरात शेजारी शेजारी नांदणाऱ्या गोष्टींची वये हजार-दीड हजार वर्षांनी भिन्न असू शकतात, आणि खरा इतिहास या अंतरांमध्येच आहे.

नावाचा इतिहास आणि परंपरेचा इतिहास यांची गल्लतही सुरुवातीलाच टाळावी. 'हिंदू' हा शब्द 'सिंधू' या नदीनामाचे इराणी रूप आहे. इराणी सम्राट दारयवहु याच्या शिलालेखांत 'हिंदुश' हे एका प्रांताचे नाव म्हणून येते, म्हणजे इ.स.पू. सहाव्या-पाचव्या शतकाच्या सुमारास हा शब्द भूगोलाचा होता, श्रद्धेचा नव्हता. विजयनगरचा राजा बुक्क याच्या १३५२ च्या लेखात 'हिंदुरायसुरत्राण' अशी पदवी आढळते, आणि सोळाव्या शतकात एकनाथांनी हिंदू आणि तुर्क यांच्यातील संवाद रचला तेव्हा त्या शब्दाला धर्माचा अर्थ स्पष्टपणे चिकटलेला दिसतो. शब्द उशिरा रूढ झाला म्हणून परंपरा उशिराची ठरत नाही, आणि परंपरेतील काही सूक्ते तीन हजार वर्षांपूर्वीची आहेत म्हणून आजची प्रत्येक चालरीत तितकी जुनी ठरत नाही. ही दोन्ही विधाने एकाच वेळी ध्यानात ठेवता आली पाहिजेत.

आरंभ ग्रंथापासून नव्हे, विधीपासून करावा

माझा आग्रह असा की अभ्यासकाने प्रथम वेद उघडू नयेत, तर पूजेच्या आधी म्हटला जाणारा संकल्प शांतपणे लिहून काढावा आणि त्यातील प्रत्येक पदापुढे त्याचा काळ मांडावा. ब्रह्मदेवाचे द्वितीय परार्ध, श्वेतवाराहकल्प, वैवस्वत मन्वंतर, कलियुग ही सारी पुराणांची कालगणना आहे. शालिवाहन शकाचा आरंभ इ.स. ७८ मध्ये होतो. नक्षत्रांची यादी वैदिक वाङ्मयातच सिद्ध झालेली आहे, पण सात वारांची गणना ग्रीक ज्योतिषाशी संपर्क आल्यानंतर रुळली, आणि वाराचा एक अत्यंत जुना पुरावा मध्य प्रदेशातील एरण येथील बुधगुप्ताच्या इ.स. ४८४ च्या स्तंभलेखात मिळतो. यजमानाचे गोत्र मात्र वैदिक ऋषिकुलांकडे नेते. अवघ्या मिनिटभराच्या उच्चारात इतके थर एकमेकांवर बसलेले आहेत.

त्यानंतरच्या षोडशोपचार पूजेकडे असेच पाहावे. तिच्या सोळा उपचारांना पुरुषसूक्ताच्या सोळा ऋचा जोडलेल्या आहेत. हे सूक्त ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील आहे, परंतु ऋग्वेदातील उपासना अग्नीत आहुती देण्याची आहे. मंदिर बांधून मूर्तीला आवाहन, आसन, पाद्य, स्नान, वस्त्र देण्याचा विधी त्यात नाही. मंत्र वैदिक आणि कृती वेदोत्तर, असा हा संयोग आहे. विवाहातही हेच दिसते. पाणिग्रहणाच्या वेळचा 'गृभ्णामि ते सौभगत्वाय हस्तम्' हा मंत्र ऋग्वेदातील विवाहसूक्ताचा आहे, तर त्याच मांडवात म्हटली जाणारी मंगलाष्टके पुष्कळ उत्तरकालीन, शार्दूलविक्रीडितासारख्या अभिजात वृत्तात रचलेली असतात. जुने टाकून न देता त्याच्याभोवती नवे गुंफीत जाणे ही या परंपरेची रीत आहे.

एक देवता निवडून तिचा माग काढावा

रीत समजली की एका देवतेवर ती चालवून पाहावी. नमुन्यादाखल गणपती घेऊ, कारण तो सर्वांच्या परिचयाचा आहे आणि त्याचा माग काढताना अभ्यासातील बहुतेक सापळे वाटेत भेटतात.

'गणानां त्वा गणपतिं हवामहे' हा मंत्र ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलात आहे आणि आज तो गणेशपूजेत म्हटला जातो. तेवढ्यावरून गजानन ऋग्वेदकालीन आहे असे मानण्याचा मोह होतो. सूक्त पूर्ण वाचल्यावर मात्र कळते की तेथील 'गणपती' हे ब्रह्मणस्पती या वैदिक देवतेचे विशेषण आहे. हत्तीचे मस्तक, मोदक, मूषक यांचा तेथे मागमूसही नाही. येथे पहिला नियम मिळतो: नाव सापडले म्हणजे देवता सापडली असे नव्हे, नावामागचे रूप आणि कार्य जुळते का ते पाहावे.

पुढचा टप्पा अधिक विस्मयकारक आहे. मानवगृह्यसूत्र या गृहविधींच्या प्राचीन ग्रंथात चार विनायक सांगितले आहेत आणि ते विघ्ने आणणारे, माणसाला झपाटणारे आहेत; त्यांच्या बाधेमुळे कन्येला वर मिळत नाही, अशी लक्षणे देऊन त्यांच्या शांतीचा विधी दिला आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत या चौघांचा एक विनायक झालेला दिसतो, आणि तोही विघ्नासाठीच नेमलेला आहे. ज्याच्याकडे विघ्न आणण्याची सत्ता आहे त्याच्याकडेच ते दूर करण्याचीही सत्ता असणार, या विचारातून विघ्नकर्त्याचा विघ्नहर्ता झाला असावा. गजमुखाच्या मूर्ती गुप्तकाळापासून, म्हणजे इ.स. चौथ्या-पाचव्या शतकापासून, ठळकपणे आढळू लागतात. पुराणांनी त्याला शिव-पार्वतीचा पुत्र म्हणून कुटुंबात घेतले, गाणपत्य संप्रदायाने त्याला परब्रह्म मानले, आणि अथर्वशीर्षासारख्या उत्तरकालीन उपनिषदाने त्या श्रद्धेला वैदिक भाषा दिली. मोरगाव आणि चिंचवड येथील परंपरा, पेशव्यांचा आश्रय आणि १८९३ पासून लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने वाढलेला सार्वजनिक उत्सव हे त्यापुढचे थर आहेत.

व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहिले, ही महाभारताची कथा सर्वांना पाठ असते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने शेकडो हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीत ही कथा मुख्य संहितेत नाही, कारण ती मागाहून आलेली भर ठरली. यावरून कथा खोटी ठरते असा अर्थ काढू नये. ती भर कोणत्या काळात पडली हा गणेशभक्तीच्या प्रसाराचाच एक पुरावा आहे, आणि म्हणूनच प्रक्षिप्त भागही टाकून न देता त्याच्या काळासह वाचावा.

वेद वाचताना

आता वेदांकडे वळावे. ऋग्वेदात १० मंडले आणि १,०२८ सूक्ते आहेत. ती एकाच वेळी रचलेली नाहीत: दुसऱ्यापासून सातव्यापर्यंतची मंडले गृत्समद, विश्वामित्र, वामदेव, अत्री, भरद्वाज आणि वसिष्ठ या ऋषिकुलांची असून ती तुलनेने जुनी मानली जातात, तर दहावे मंडल उत्तरकालीन आहे. हा भेद साधा वाटला तरी त्याचे परिणाम मोठे आहेत. ब्राह्मण, राजन्य, वैश्य आणि शूद्र हे चार वर्ण एकत्र सांगणारे ऋग्वेदातील एकमेव स्थळ म्हणजे दहाव्या मंडलातील पुरुषसूक्त होय. म्हणून 'वेदांत चातुर्वर्ण्य आहे' एवढेच म्हणून थांबू नये. वेदाच्या कोणत्या थरात ते आहे, ते सांगावे. देवतांचे वजनही असेच तपासावे. ऋग्वेदात इंद्राला सुमारे २५० सूक्ते आहेत, विष्णू आणि रुद्र यांच्या वाट्याला मोजकी आली आहेत, आणि आज इंद्राची स्वतंत्र देवळे शोधावी लागतात. ही उलथापालथ कशी झाली हाच पुढच्या हजार वर्षांच्या अभ्यासाचा विषय आहे.

काळाबद्दल मतभेद आहेत आणि ते प्रामाणिकपणे मांडावेत. भाषेच्या तुलनेवरून बहुसंख्य अभ्यासक ऋग्वेदाची रचना ढोबळमानाने इ.स.पू. १५०० ते १००० या दरम्यान मानतात. टिळकांनी नक्षत्रांच्या उल्लेखांवरून ती इ.स.पू. ४००० च्या आसपासपर्यंत मागे नेली होती. भाषेचा पुरावा समजून घ्यायचा तर अवेस्ता हा इराणी धर्मग्रंथ शेजारी ठेवावा, कारण यज्ञ आणि यस्न, सोम आणि हओम, असुर आणि अहुर अशी जोडशब्दांची रांगच तेथे दिसते. बाह्य पुरावा हवा असेल तर आजच्या तुर्कस्तानात सापडलेला, हिटाइट आणि मितान्नी या प्राचीन राज्यांच्या राजांमधील इ.स.पू. चौदाव्या शतकातील तह पाहावा; त्यात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य यांची नावे साक्षीला घातलेली आहेत.

सिंधू संस्कृतीचे पान मात्र वहीत वेगळे ठेवावे. तिच्या नागर वैभवाचा काळ साधारण इ.स.पू. २६०० ते १९०० असा आहे. मोहेंजोदडो येथील प्रसिद्ध मुद्रेवर पशूंनी वेढलेली आसनस्थ आकृती आहे, आणि उत्खननाचे प्रमुख जॉन मार्शल यांनी तिच्यात शिवाचे पूर्वरूप पाहिले. परंतु त्या संस्कृतीची लिपी अद्याप सर्वमान्यपणे वाचली गेलेली नाही. म्हणून पानाचे दोन रकाने करावेत: एका बाजूला प्रत्यक्ष काय दिसते ते, दुसऱ्या बाजूला त्याचा अर्थ कोणी काय लावला ते. आर्यांविषयीच्या वादातही भाषा, उत्खनन आणि जनुकशास्त्र यांचे पुरावे आधी निरनिराळे समजून घ्यावेत. भाषेला वंश नसतो आणि मडक्याला मातृभाषा नसते. एका शास्त्राचा निष्कर्ष दुसऱ्याच्या तोंडी घातला की वाद वाढतो, ज्ञान वाढत नाही.

उपनिषदे, श्रमण आणि नाणेघाट

पुनर्जन्म आणि कर्मफल या कल्पना आज हिंदू विचाराचा पाया वाटतात, पण त्यांचा स्पष्ट उच्चार उपनिषदांत होतो. बृहदारण्यक उपनिषदात जरत्कारव आर्तभाग याज्ञवल्क्यांना विचारतो की माणूस मेल्यावर त्याचे काय उरते, तेव्हा याज्ञवल्क्य त्याचा हात धरून त्याला बाजूला नेतात, कारण हे चारचौघांत बोलण्यासारखे नाही असे त्यांना वाटते, आणि दोघे जे बोलले ते कर्माविषयीच बोलले, असे उपनिषद सांगते. जी गोष्ट आज घराघरांत सहज बोलली जाते ती एके काळी सभेतून उठून कानात सांगण्याची होती. हा उतारा मुळातून वाचावा. कल्पनेचा जन्म इतक्या जवळून पाहायला मिळण्याचे प्रसंग फार थोडे. प्रवाहण जैवली हा क्षत्रिय राजा उद्दालक आरुणी या ब्राह्मणाला परलोकाची विद्या शिकवतो, तो प्रसंगही याच्या जोडीने वाचावा. याच सुमारास आणि पुढच्या शतकांत महावीर आणि बुद्ध यांचे श्रमण, म्हणजे वेदांचे प्रामाण्य न मानणारे संन्यासप्रधान, मार्ग त्याच प्रदेशात, त्याच प्रश्नांना वेगळी उत्तरे देत होते. अहिंसा, संन्यास, मोक्ष यांची चर्चा या संवादाशिवाय समजत नाही, म्हणून जैन आणि बौद्ध वाङ्मय बाजूला ठेवून हिंदू धर्माचा अभ्यास करू नये.

यानंतर पुराणांवर उडी घेण्याचा मोह आवरावा आणि आधी शिलालेख वाचावेत, कारण ग्रंथात भर पडत राहते, दगडावरचा मजकूर सहसा एका काळाचा असतो. विदिशेजवळ बेसनगर येथे इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस हेलिओडोरस या ग्रीक राजदूताने 'देवदेव वासुदेवा'साठी गरुडध्वज उभारला आणि स्वतःला भागवत म्हणवले. परकीय मनुष्य भागवत होऊ शकत होता, ही गोष्ट नोंदवून ठेवावी.

परंतु सर्वांत अधिक वेळ नाणेघाटाला द्यावा. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या या घाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख आहे आणि तो बहुधा इ.स.पू. पहिल्या शतकातला मानला जातो. राजसूय, दोन अश्वमेध आणि इतर अनेक यज्ञ केल्याचे, हजारो गाई आणि नाणी दक्षिणा म्हणून दिल्याचे त्यात नोंदलेले आहे, म्हणजे वैदिक कर्मकांड पूर्ण वैभवात चालू होते. त्याच लेखाच्या आरंभीच्या वंदनात इंद्र, संकर्षण आणि वासुदेव, चंद्र आणि सूर्य, तसेच यम, वरुण, कुबेर आणि वासव हे चार लोकपाल येतात. ज्या इंद्रासाठी शेकडो सूक्ते रचली गेली तो आणि ज्याचा भक्तिसंप्रदाय नव्याने पसरत होता तो वासुदेव, दोघे एका ओळीत उभे आहेत. आज प्रथम वंदनाचा मान असलेल्या गणपतीचे नाव मात्र या वंदनात नाही. वैदिक आणि पौराणिक धर्मांमधील संक्रमण म्हणून पुस्तकांत जे सांगितले जाते ते येथे अक्षरशः दगडात गोठलेले आहे, आणि मराठी वाचकाने ते एकदा तरी प्रत्यक्ष जाऊन पाहावे असे मला मनापासून वाटते.

पुराणे, मंदिरे आणि देशभाषा

महाभारत, रामायण आणि अठरा पुराणे वाचताना तीन काळ वेगळे करावेत: कथा ज्या काळाबद्दल सांगते तो, मजकूर ज्या काळात रचला गेला तो, आणि हाती असलेली प्रत ज्या काळाची आहे तो. पुराणांचा बराच भाग गुप्तकाळात व त्यानंतर आकाराला आला, आणि याच काळात दगडी मंदिरेही उभी राहू लागली. विदिशेजवळील उदयगिरीचा भव्य वराह पाचव्या शतकाच्या आरंभीचा आहे, देवगढचे विष्णुमंदिर सुमारे इ.स. ५०० चे, आणि वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकातील राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळचे. अवतारकल्पनेने अनेक देवतांना एका विष्णूत सामावले, शिवाच्या परिवाराने इतर अनेकांना घर दिले. शंकराचार्य, रामानुज आणि मध्व यांची भाष्ये उपनिषदे, ब्रह्मसूत्रे आणि गीता या एकाच आधारावर परस्परविरोधी सिद्धांत उभे करतात. या दर्शनांचा अभ्यास वेगळ्या सवडीने करावा. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की मतभेद असूनही आधारग्रंथ एकच ठेवण्याची शिस्त कोणी मोडली नाही.

भक्तीचा प्रवाह मात्र सावकाश वाचावा. तमिळ प्रदेशात साधारण सहाव्या ते नवव्या शतकांत ६३ नायन्मार आणि १२ आळवार यांच्या परंपरेने देवाशी तमिळ भाषेत बोलायला सुरुवात केली, कर्नाटकात बाराव्या शतकात बसवण्णा आणि शरणांनी कन्नड वचने रचली, आणि महाराष्ट्रात तेराव्या शतकात चक्रधर व ज्ञानदेव यांनी मराठीला धर्मभाषा केले. ज्ञानेश्वरीने स्वतःचा काळ शके १२१२, म्हणजे इ.स. १२९०, असा सांगितला आहे. नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत, त्यामुळे या प्रवाहाच्या सीमा आजच्या धर्मनामांनी आखता येत नाहीत हेही दिसते. जनाबाई, चोखामेळा, सावता माळी यांचे अभंग वाचताना एक वस्तुस्थिती समोर ठेवावी: चोखोबांची समाधी पंढरपूरच्या मंदिराबाहेर, महाद्वारापाशी आहे. भक्तीने दिलेले स्थान आणि समाजाने आखलेली मर्यादा, दोन्ही त्या एका जागेत वाचता येतात.

याच ठिकाणी लोकदेवतांचा अभ्यास जोडावा. खंडोबाची एक पत्नी म्हाळसा लिंगायत वाणी समाजाची, दुसरी बाणाई धनगरांची, आणि संस्कृत माहात्म्यात तोच मार्तंडभैरव होऊन मणी आणि मल्ल यांचा वध करतो. संस्कृत माहात्म्य आणि वाघ्या-मुरळीचे जागरण ही एकाच देवाची दोन दप्तरे आहेत, आणि केवळ पहिले वाचणारा अर्धाच इतिहास वाचतो.

आधुनिक थर वगळू नये

१८२८ चा ब्राह्मो समाज, १८६७ चा प्रार्थना समाज, १८७३ चा जोतीराव फुल्यांचा सत्यशोधक समाज, १८७५ चा आर्य समाज ही केवळ सुधारणांची यादी नाही. धर्माचा गाभा कोणता आणि त्यावर हक्क कोणाचा, या प्रश्नाची ती निरनिराळी उत्तरे आहेत. नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे १९३० मध्ये सुरू झालेला डॉ. आंबेडकरांचा सत्याग्रह, पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ मध्ये साने गुरुजींनी केलेले उपोषण, आणि १९५६ मध्ये नागपूरला आंबेडकरांनी केलेला बौद्ध धर्माचा स्वीकार हे तिन्ही प्रसंग हिंदू धर्माच्या इतिहासात त्याच गांभीर्याने लिहावेत ज्या गांभीर्याने आपण भाष्यकार लिहितो. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे 'हिंदू कोण' हा प्रश्न आला तोही मंदिरप्रवेशाच्या निमित्तानेच. आपला संप्रदाय हिंदू नाही म्हणून प्रवेशाचा कायदा आपल्याला लागू नाही, असा दावा करण्यात आला होता; सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांनी लिहिलेल्या निकालपत्राने तो फेटाळला, आणि ते करताना एक संस्थापक किंवा एक मत नसलेल्या या धर्माची व्याख्या किती कठीण आहे हेही नमूद केले.

इतके झाल्यावर आपल्या परिसरातील एक जुने देऊळ निवडावे. गाभाऱ्यात घडवलेली मूर्ती आहे की तांदळा (न घडवलेला पाषाण), पूजेचा मान गुरवाचा आहे की अन्य कोणाचा, आवारात वीरगळ किंवा शिलालेख आहे का, नैवेद्य कोणता, पालखीचा पहिला खांदा कोणत्या घराचा, बाहेरच्या बाजूला कोणते छोटे देव आहेत आणि त्यांना कोण पुजते, हे सारे पुजाऱ्यांना व वृद्ध मंडळींना विचारून लिहून घ्यावे. नंतर त्या देवाचे माहात्म्य मिळवून ते या नोंदींच्या शेजारी ठेवावे आणि ज्या ज्या ठिकाणी दोघांत फरक पडतो तेथे खूण करावी. पुढचे वाचन त्या खुणांपासून सुरू करावे.